दिवाळीच्या रीलमध्ये डायनासोर चालतो, पण चादर? (दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनीही बोला)

चादरवाली

नमस्कार मंडळी. सोलापुरात नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धाग्याची जाहिरात झाली म्हणून पहिला प्रतिसाद तोच यायचा.

यंदा दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुकानाच्या इन्स्टावर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला एआयने केलेल्या गमतीदार रील टाकायचं ठरवलंय. एजन्सीला द्यायला पैसे नाहीत, आणि रिक्षावर भोंगा लावून शहरभर फिरवायचं म्हटलं तर आता लोक काच वर करून घेतात. त्यामुळे रात्री शटर ओढलं की मी आणि माझा चुलतभाऊ मोबाईल घेऊन बसतो.

पहिली रील अशी: सिद्धेश्वर तलावाच्या काठावर एक भलामोठा डायनासोर थंडीने कुडकुडतोय. दोघं जण शिडी लावून त्याच्या पाठीवर चादर टाकतात. पाठ झाकते, शेपूट उघडी. तो मान वळवून बघतो आणि विचारतो, "डबल साइज हाय का?" झालं, आठ सेकंदांत खेळ खलास. घरात सगळे खो खो हसले. बाबाही हसले. मग त्यांनी चष्मा पुसला, रील परत लावायला सांगितली आणि म्हणाले, "समदं ठीक हाय, पण ह्यात आपली चादर कुठाय?"

आणि खरंच नाहीये. डायनासोरच्या अंगावर आहे ती गुबगुबीत मखमली रजई. "सोलापुरी चादर" असं लिहून मागितलं की एआय कधी राजस्थानी रजई देतं, कधी काश्मिरी शाल, कधी हॉटेलातली पांढरी दुलई. मग आमच्या खऱ्या चादरीचा फोटो पहिली फ्रेम म्हणून दिला. पहिल्या क्षणी अगदी बरोबर दिसते, पण कापड हललं की नक्षी वाहायला लागते. फुलाचं पान होतं, पानाचा ठिपका होतो, काठ तर कुठल्या कुठे.

धाकट्या काकांचं म्हणणं, मग कॅटलॉगपण एआयनेच करू. मॉडेल नको, स्टुडिओ नको, गालिच्यावर बसलेलं कुटुंब एका मिनिटात तयार. मला ते पटत नाही, पण नेमकं का पटत नाही ते त्यांना नीट सांगता येईना. म्हणून हा धागा. तुम्ही काय करता? गिऱ्हाईक म्हणून काय वाटतं?

कडक_भाकरी

का बे, डायनासोरला पण सोडलं नाही तुम्ही! लिंक टाका की आधी, चर्चा मागून.

चादरवाली

@कडक_भाकरी, टाकली असती, पण लिंकवर दुकानाचं नाव आहे ना. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

कडक_भाकरी

बघितली. शेपटीवर टॉवेल टाका की राव, उघडी ठेवली बिचाऱ्याची. बाकी "हाय का" ऐकून मी भाकरीचा तुकडा गिळायचा विसरलो. तो आवाज एआयचा हाय? वाटत नाही.

चादरवाली

नाही, तो चुलतभावाचा. एआयच्या आवाजाला मराठी येतं, पण बातम्या वाचणारं. "डबल साइज उपलब्ध आहे का" असं म्हणणारा डायनासोर कुणाला हवाय?

फोटोवाला_सातरस्ता

मी फोटोग्राफर. लग्नसराईत लग्नं, एरवी दुकानांचे प्रॉडक्ट फोटो. तेव्हा माझं पोट ह्यात आहे हे आधीच सांगतो, पुढचं त्या हिशेबाने वाचा.

दिवाळीच्या आधीचा महिना माझा मोसम. गेल्या मोसमात नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी बरेच फिरकले नाहीत. त्यातला एक जण भेटला तर मोबाईल पुढे करून म्हणाला, "बघा, फुकटात झालं." बघितलं. त्याच्याकडे मिळतो तो जाड पिळाचा टेरी टॉवेल आणि फोटोत कापसाच्या ढगासारखं काहीतरी. मी म्हटलं, छान आहे, पण हा टॉवेल तुझ्याकडे मिळतो का? तो नुसता हसला.

ताई, तुमच्या डायनासोरवर माझा काही राग नाही. तो मला कधीच परवडला नसता आणि तुम्हालाही. पण चादरीचा फोटो काढायला माझीसुद्धा गरज नाही, कसा काढायचा ते इथेच सांगतो. सकाळी खिडकीजवळ बसा. वरची ट्यूब बंद, फ्लॅश बंद. उजेड एका बाजूने तिरपा आला पाहिजे, तरच वीण उठून दिसते. समोरून उजेड पडला की कापड सपाट होतं. चादरीच्या दोन घड्या घाला आणि एक कोपरा उलटून ठेवा, म्हणजे मागची बाजू दिसते. मोबाईल अंगाला चिकटवू नका, दोन-तीन फूट लांब धरून झूम करा. आणि मोबाईलमधलं ते "सुंदर करा" प्रकरण बंद करा. माणसाच्या गालावरचे खड्डे बुजवायला ते केलंय, पण चादरीवरची वीणही त्याला खड्डेच वाटते, तीही बुजवून टाकतं.

मग दहा सेकंदांचा व्हिडिओ: हात येतो, चिमटीत कापड धरतो, चोळतो, उलटतो. बास. आपल्याकडची कुठलीही बाई दुकानात हेच करते.

आसरा_चौक

+१. "वीणही त्याला खड्डेच वाटते" हे भारी.

पुण्यातला_सोलापूरकर

रोचक धागा. ह्यात मोठ्या कंपन्यांचे अनुभव बघण्यासारखे आहेत. २०२१च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज एआयने वापरून अशी सोय केली होती की गल्लीतला कुठलाही दुकानदार स्वतःच्या दुकानाचं नाव शाहरुखच्या तोंडून वदवून घेऊ शकत होता. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने करून घेतली होती, महिनाभर येईल त्याला दाखवत होता. ते का चाललं? शाहरुख परवानगीने उभा होता, आणि तो आपल्या किराणा दुकानात येणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गंमत उघड होती.

उलट कोका-कोलाचं बघा. १९९५पासून लोकांच्या मनात बसलेली त्यांची नाताळची ट्रकवाली जाहिरात २०२४मध्ये एआयने नव्याने केली. ट्रक घसरत चाललेत, चाकं धड फिरत नाहीत, माणसांचे चेहरे मेणाचे. लोकांनी धू धू धुतली. २०२५मध्ये त्यांनी परत एआयनेच केली, ह्या वेळी माणसांपेक्षा प्राण्यांवर भर. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या मॅकडोनाल्ड्सने नाताळची एआय जाहिरात केली आणि टीका झाल्यावर काढून घेतली.

माझं मत असं की सणाच्या जाहिरातीत लोक ऊब शोधतात. ऊब यंत्राने केली की माणूस लगेच ओळखतो. पण येडेपणा यंत्राने केला तर कुणाचं काही बिघडत नाही.

गुळभेंडी

ऊब-बिब ठीक आहे, आमची कथा ऐका. मोहोळकडे शेत आहे, डिसेंबरपासून हुरडा पार्टी करतो. गेल्या मोसमात एका ओळखीच्या पोराला पोस्टर करायला दिलं. आलं ते असं: चांदणी रात्र, शेकोटी, हसरं कुटुंब आणि प्रत्येकाच्या हातात मक्याचं कणीस! पिवळंधमक, दाणे ओळीत बसवल्यासारखे. मी म्हटलं, अरे लेका, हुरडा ज्वारीचा असतोय. त्याने परत केलं. आता ज्वारीचं रोप आलं, पण त्याला कणीस मक्याचं. तिसऱ्या वेळी बाजरी. शेकोटी तर अशी की हुरडा सोडा, अख्खा बैल भाजून निघेल. आगटीत गोवऱ्यांचा निखारा असतो, जाळ नसतो, हे त्याला कोण सांगणार?

शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी उपाय काढला. तेच मक्याचं पोस्टर टाकलं आणि खाली लिहिलं, "ह्या चित्रात किती चुका आहेत? सगळ्या ओळखणाऱ्याला आमच्याकडून वाटीभर शेंगा चटणी." लोक तुटून पडले. कुणी म्हणालं आजोबांना सहा बोटं, कुणी म्हणालं ज्वारीच्या रानात नारळाचं झाड. एक गृहस्थ थेट मंगळवेढ्याहून फोन करून मालदांडी आणि गुळभेंडी ह्या ज्वारीच्या वाणांतला फरक समजावत बसले. जेवण थंड झालं माझं.

चादरवाली

@गुळभेंडी, वहिनींना साष्टांग दंडवत! ही कल्पना ढापणार आहे, आधीच सांगते. "ह्यातली खरी सोलापुरी चादर कुठली?" असं करता येईल. तीन एआयच्या, एक आपली.

शेंगा_पोळी

गुळभेंडी, शेंगा चटणीचंही तेच हो. माझी जाऊ घरगुती चटणी करते. एआयला विचारलं तर बशीत टोमॅटो सॉससारखं लाल काहीतरी आणि वर अख्ख्या टरफलासकट शेंगा पेरलेल्या. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, ती बोटाने दाबली की ढेप होते, ते त्याला कसं माहीत असणार? फराळातही बघा, एआयची चकली कंपासने काढल्यासारखी गोल असते आणि तिला काटेच नसतात. बिनकाट्याच्या चकलीला आमच्याकडे बिघडलेली म्हणतात.

जाऊ आता कढईतून निघणाऱ्या चकलीचा सरळ व्हिडिओ टाकते. मागे कुकरची शिट्टी, पोराची रडारड, सगळं असतं त्यात. ऑर्डरी त्यालाच येतात.

टिळक_चौक

सगळे एकाच सुरात गायला लागलेत म्हणून जरा वेगळं लिहितो. माझं साड्यांचं दुकान. मी गेल्या वर्षापासून मॉडेल बंद केली. साडी टेबलावर पसरून फोटो काढतो आणि एआयला सांगतो, बाईला नेसव. सप्टेंबर २०२५मध्ये ते जेमिनीवरचं साडीचं खूळ आलं तेव्हापासून गिऱ्हाइकांनाच सवय झाली आहे. पोरी स्वतःचे फोटो तसे करून आणतात आणि म्हणतात, "काका, ह्यातली हिरवी दाखवा."

चुका होतात का? होतात. काठ खांद्यावर एक आणि निऱ्यांत दुसरा. एकदा पदर दोन्ही खांद्यांवर आला होता. पण त्याने माझं काय बिघडलं? बाई दुकानात येते, गादीवर बसते, शंभर साड्या उलगडून घेते, उजेडात नेऊन बघते, मगच पैसे देते. फोटोचं काम तिला पायरी चढायला लावणं, ते झालं. मॉडेल, मेकअप, हॉल ह्याचा खर्च वाचतो तो मी सेलमध्ये कमी करतो. ह्यात फसवणूक कुठे आली?

चादरवाली

@टिळक_चौक काका, तुमचं दुकानातल्या गिऱ्हाइकापुरतं पटलं. पण आमचा दिवाळीचा निम्मा माल कुरिअरने जातो. पुणे, मुंबई, हैदराबाद. त्यांच्यासाठी फोटो हीच गादी. तिथे चिमटीत धरून बघता येत नाही. पार्सल उघडल्यावर मखमल निघाली नाही की फोन येणार, आणि तो फोन बाबा उचलणार.

टिळक_चौक

हां, ते खरं. कुरिअरला मीही फोटो देत नाही, सरळ व्हिडिओ कॉल लावतो. बाकी एआयने नेसवलेल्या फोटोखाली "चित्र एआयने केलेले, साडी दुकानात पाहावी" एवढं लिहून टाकतो. झालं की.

वकीलीणबाई

टिळक_चौक, ती ओळ लिहिताय ते चांगलं करताय. कायद्याचं थोडं लिहिते, झोप आली तर पुढच्या प्रतिसादावर जा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये फसव्या जाहिरातीची व्याख्या मालाच्या खोट्या वर्णनापासून सुरू होते. चित्र कॅमेऱ्याने काढलं, ब्रशने की एआयने, ह्याने फरक पडत नाही. नसलेला गुण दाखवला की झालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला किंवा मालाची शिफारस करणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. नवी पेठेतल्या दुकानामागे दिल्लीची यंत्रणा हात धुऊन लागेल असं मी म्हणत नाही, पण जिल्हा ग्राहक आयोग गावातच आहे आणि तिथे साधं गिऱ्हाईक जाऊ शकतं.

एआयचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६मध्ये दुरुस्ती झाली. खऱ्यासारखी भासणारी कृत्रिम दृश्यं आणि आवाज ह्यांवर स्पष्ट लेबल हवं, असा तिचा रोख आहे. २०२५च्या मसुद्यात लेबलने दहा टक्के जागा व्यापावी असं होतं, ते शेवटी ठेवलं नाही. यूट्यूबने तर मार्च २०२४पासूनच खरं वाटेल अशा कृत्रिम व्हिडिओबद्दल सांगणं बंधनकारक केलंय. उघड काल्पनिक असेल तर त्यांची सूट आहे. म्हणजे डायनासोर बहुधा सुटला! पण एआयने बनवलेलं "समाधानी ग्राहक कुटुंब" चादरीचं कौतुक करतंय, असा व्हिडिओ केलात तर तो सुटणार नाही, आणि सुटूही नये.

नटांचे चेहरे आणि आवाज अजिबात नकोत. अनिल कपूरने २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून आपलं नाव, चेहरा, आवाज, अगदी "झकास"सुद्धा संरक्षित करून घेतलं. आशाताईंच्या आवाजाच्या एआय नकलेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२५मध्ये आदेश दिला. आणि गाणी! इन्स्टाच्या बिझनेस खात्यावर चालू सिनेमाची गाणी का दिसत नाहीत म्हणून सगळे कुरकुरतात. दिसत नाहीत कारण धंद्यासाठी त्यांचा परवाना नाही. पर्सनल खात्यावरून तेच गाणं लावून दुकानाची जाहिरात केली म्हणजे पळवाट सापडली, असं नाही.

कडक_भाकरी

मॅडम, डायनासोरच्या वारसांनी दावा लावला तर?

वकीलीणबाई

मुदतीचा कायदा आहे, दावा बाद. (हलके घ्या.)

पूर्वभाग

मी विणकराच्या घरातला. आजोबा तेलंगणातून आले, वडिलांनी माग चालवला, मी आता डिझाइन बघतो. सगळे चादर "दिसण्या"बद्दल बोलताहेत म्हणून मागाच्या बाजूने लिहितो.

चादरीची एक बाजू बघा: लाल जमिनीवर पांढरा मोर. उलटी करा: पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. दोन पदर एकमेकांत जागा बदलत विणलेले असतात, नक्षी वर छापलेली नसते. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, कुठला धागा वर उचलायचा ते ठरलेलं असतं. पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असायची, आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर. पण तत्त्व तेच, रंग म्हणजे धागा. तिसरा रंग हवा तर तिसरा धागा भरावा लागतो, वजन वाढतं, भाव वाढतो.

आता काय होतंय? दिवाळीच्या आधी घाऊक व्यापारी येतात आणि मोबाईलमध्ये एआयचं चित्र दाखवतात. मोर आहे, पिसाऱ्यात निळ्याचा हिरवा, हिरव्याचा सोनेरी होत गेलेला, मागे सूर्यास्त. "अण्णा, अगदी असलीच पाहिजे." अहो, ही चादर नाही, हे कॅलेंडर आहे! छापील पॉलिस्टरवर होईल, मागावर कशी होणार? मग ते परगावी जातात, छापील ब्लँकेट आणतात आणि "सोलापुरी" म्हणून विकतात. आपल्या चादरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, १९९९च्या कायद्याने असं खोटं नाव लावणं गुन्हा आहे. पण एआयच्या चित्राने त्यांचं काम सोपं झालंय, कारण चित्रात वीण तपासता येत नाही.

म्हणून चादरवाली ताईंच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ज्या माणसाने आयुष्यभर कापड हातात धरलंय त्याला पहिल्या नजरेत कळलं. नवीन पिढीतल्या गिऱ्हाइकाला आपणच मखमल दाखवत राहिलो तर उद्या खरी चादर हातात घेतल्यावर तो म्हणेल, "ही खरखरीत आहे, नकली दिसते."

आसरा_चौक

वरच्या प्रतिसादाला वेगळा धागा द्या, संपादक.

चादरवाली

@पूर्वभाग, काकांना नेमकं काय सांगायचं ते मिळालं. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. ते "हं" म्हणाले. आमच्या काकांच्या "हं"ला फार किंमत आहे.

बाळीवेस_बॉईज

दिवाळीचं झालं, पण खरा धंदा गड्ड्यात, सिद्धेश्वरांच्या जत्रेत! जानेवारीत होम मैदानावर एवढी गर्दी असते. डायनासोरच्या खांद्यावर जत्रेतल्या नंदीध्वजाची उंच काठी द्या, एका रात्रीत व्हायरल.

पूर्वभाग

नको.

शेंगा_पोळी

अजिबात नको! आमच्या घरातले मानकऱ्यांबरोबर चालतात. बाराबंदी घालून, अनवाणी, तो काठीचा तोल सांभाळत. ते बघताना अंगावर काटा येतो. त्याच्यावर डबल साइजचा विनोद कुणी केला तर मी त्या दुकानात पाय ठेवणार नाही.

बाळीवेस_बॉईज

ओ अक्का, मी पण सिद्धरामेश्वरांचाच भक्त हाय, "हर्र बोला हर्र" म्हणून घसा बसतो दरवर्षी. गंमत म्हणून बोललो. मागे घेतो. पण मग पाळणे, भेळ, मौत का कुआँ, त्याच्यावर तरी चालेल ना?

शेंगा_पोळी

पाळण्यात बसव की डायनासोर. पाळणा मोडला तर मज्जाच.

पुण्यातला_सोलापूरकर

ह्यावरून आठवलं. एआयला सात नंदीध्वज काढायला सांगितले तर तो पाच काढेल नाहीतर नऊ. देवादिकांच्या बाबतीत तर नकोच. मागच्या नवरात्रात एका ग्रुपवर देवीचं चित्र फिरत होतं, एका बाजूला हात चार आणि दुसऱ्या बाजूला तीन. पाठवणाऱ्याने मोजलेच नव्हते.

विजापूर_वेस

मला एक विचारायचंय. आमच्या हार घातलेल्या फोटोतले आजोबा, म्हणजे दुकानाचे संस्थापक, त्यांना एआयने बोलतं करून "दिवाळीच्या शुभेच्छा" द्यायला लावायचं भावाच्या मनात आहे. चालेल का?

टिळक_चौक

माझ्या व्याह्यांनी केलंय. दुकानाच्या उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर लावलं. बायका रडल्या, पाहुणे खूश.

फोटोवाला_सातरस्ता

मी असा एक कार्यक्रम शूट केलाय. पडद्यावर आजोबा हसले आणि आजी उठून आत गेल्या. नंतर म्हणाल्या, "हे असे हसायचेच नाहीत." घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी एकट्याने दाखवा. त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला. जाहिरातीत तर मी म्हणेन नकोच.

विजापूर_वेस

आत्याला दाखवून बघतो. (भाऊ हा धागा वाचत असेल तर नमस्कार.)

गणपती_घाट

काहीतरी कामाचं लिहा राव. अक्षरांचं काय करता? मी "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" लिहायला सांगितलं तर रफार भलत्याच डोक्यावर. एका ठिकाणी तर "शुभेच्छा"चा "शुभेच्चा" झाला. आता जरा सुधारलंय म्हणतात, पण जोडाक्षर आलं की बोंब.

फोटोवाला_सातरस्ता

एआयकडून अक्षरं काढून घेऊच नका. चित्रात कोरी पाटी किंवा मोकळं आकाश मागा आणि मजकूर कॅनव्हात स्वतः टाका. मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत आणि मुंबईतल्या माणसांनी निगुतीने केलेले आहेत, जोडाक्षरं व्यवस्थित बसतात. व्हिडिओ उभाच काढा, मजकूर अगदी खाली नको, तिथे इन्स्टाची बटणं येतात. आणि फोन नंबर आकड्यांत मोठा टाका. निम्म्या रीलवर तोच नसतो!

नाही_पटत

एवढा काथ्याकूट कशासाठी? चार दिवसांचा सण, लोक रील बघतात, बोट वर सरकवतात, विसरतात. डायनासोर काय नि चादर काय. दोन वर्षांनी सगळ्यांच्या रीलमध्ये डायनासोर असतील आणि कुणी ढुंकून बघणार नाही.

चादरवाली

@नाही_पटत, दोन वर्षं कशाला, शेजारच्या गल्लीत कालच हत्ती आला टॉवेल गुंडाळून. तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. प्राणी कुणालाही काढता येतो. पण "डबल साइज हाय का" आमच्या गादीवर रोज ऐकू येतं, म्हणून ते चाललं. हैदराबादच्या गिऱ्हाइकाला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही, सोलापूरबाहेर गेलेल्यांनी मात्र ती घरच्या ग्रुपवर टाकली. एआयला ते वाक्य सुचलं नव्हतं. त्याने सुचवलं होतं "ऊब परंपरेची, साथ आपुलकीची". अशी पाटी आमच्याकडे आजोबांच्या काळापासून पडून आहे.

तर असं ठरतंय. डायनासोर, हत्ती, राक्षस, सगळा येडेपणा एआयचा. तिथे चादर गुबगुबीत दिसली तरी चालेल, कारण तिथे शेपूटही आहे. पण विनोद संपला की सरळ तुकडा पाडायचा आणि बाबांचा हात दाखवायचा, खरी चादर, खिडकीचा उजेड, चिमटी, उलटी बाजू. भाव आणि माप त्याच फ्रेमवर. कॅटलॉगमध्ये एआय नाही. काका अजून "हं"वरच आहेत.

पुढची रील नरकासुराची. चतुर्दशीच्या पहाटे त्याला उटणं लावून अंघोळ घातलीये, दारात कारीट फुटलंय, तो थंडीने काकडतोय आणि हात पुढे करून टॉवेल मागतोय. आजीला आधी दाखवली. ती म्हणाली, "मारायच्या आधी पुसून तरी घेऊ द्या बिचाऱ्याला." तेच वाक्य घेतलं.

शेंगा_पोळी

आजीच्या हातचं उटणंही दाखवा!! नरकासुर चालेल, तो आपला नाही.

कडक_भाकरी

नरकासुर कुठल्या भाषेत बोलणार? आपल्याकडे तेलुगू, कन्नड, दख्खनी, मराठी, समदं लागतं.

चादरवाली

तोच प्रश्न आहे. विजापूर, इंडी, कलबुर्गीकडून दिवाळीला बरीच गिऱ्हाइकं येतात, त्यामुळे कन्नडमध्येही करायची आहे, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्यांसाठी तेलुगूतही. एआयकडून कन्नड करून घेतलं तर आमच्याकडचे कन्नड बोलणारे कामगार म्हणाले, हा बंगळूरचा साहेब वाटतोय. खणखणीत राक्षसी आवाज हवाय, पण टॉवेल मागताना लाजणारा. कुणी आहे का?

पूर्वभाग

तेलुगू मी करतो. आमच्या घरात नरकासुर व्हायला रांग लागेल.

गुळभेंडी

कन्नडला आमचे मामा. अक्कलकोटकडचे, नाटकात कामं करायचे, आवाज असा की बैलं बिचकतात. लाजायचं तेवढं शिकवावं लागेल. दुकानात घेऊन येऊ का?

चादरवाली

आणा ना! रविवारी सकाळी अकराच्या आत या, नंतर गर्दी सुरू होते आणि मागे कुकरऐवजी गिऱ्हाइकं ऐकू येतील. मामांना चहा बिनसाखरेचा की साखरेचा?

गुळभेंडी

साखरेचा. मामींना सांगू नका.